बटण, बटण, चित्र

डोळ्यांत तेल घालून बनवलं होतं मी ते पान.
ट्रोम्सोच्या उत्तरेला बेटाबेटांवर जाणाऱ्या बोटींचं वेळापत्रक:
पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं,
खाडीवर पहाटे असतं तसलं धुकं.
सिग्रुन म्हणाली, देखणं झालंय.
ऑफिसातले सगळेच म्हणाले, देखणं.

मग आर्नल्योत आला.
जाळी विणून विणून जाड झालेली बोटं,
नजर जाऊन बारा वर्षं झालेली,
पायाशी कुत्रा, ओल्या लोकरीचा वास.
फोन टेबलावर ठेवून त्यानं आवाज मोठा केला
आणि माझं पान बोलू लागलं:

बटण. बटण. चित्र.
इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा.
चित्र. आयएमजी चार चार सात एक.
बटण.

"बहिणीकडे जायचंय, हेस्टोयला," तो म्हणाला,
"गुरुवारची बोट.
यातलं कुठलं बटण दाबू, सांग."

वेळापत्रक त्या चित्रात होतं.
अख्खं, मिनिटामिनिटासकट.
दुकान उघडं ठेवून
माल काचेमागे कुलपात घातला होता मी
आणि वर विचारत होतो, काय हवंय आपल्याला?

पुढचे चार दिवस बटणांची बारशी केली.
तिकीट काढा. मागे जा.
हेस्टोय, गुरुवार, सकाळी सहा चाळीस.
आर्नल्योत ऐकायचा, इतक्या वेगात
की मला नुसती माशी गुणगुणल्यासारखी वाटायची.
मधेच हात वर करायचा. "इथं अडलो."
मी बघायचो. खरंच तिथं पायरी असायची,
आणि ती मीच बांधलेली.

डेकवर दोरखंड फेकणारी तूवा
कॉफी प्यायला आत आली होती, तीही बोलली:
"ओळी दोन्ही कडांना ताणून बसवू नका.
शब्दांच्या मधे पांढरे ओहोळ पडतात,
माझा पाय घसरतो त्यात.
आणि बी, डी.
त्यांची पोटं कुठल्या बाजूला
ते माझ्यासाठी रोज नव्यानं ठरतं."
हसत सांगितलं तिनं.
शाळेत हसली नसावी.

सिग्रुननं सगळं मान्य केलं, रंग सोडून.
"धुकं ही आपली ओळख आहे.
आणि अडतं कितीजणांना? शंभरात तिघांना?"
मी रात्रभर आकडे शोधले.
पुष्कळ सापडले.
तिला पटेल असा एक नव्हता.

जानेवारी सरत आला, सूर्य परतून आठवडा झालेला.
दुपारी डोंगराच्या खांद्यावर येऊन बसला,
समुद्रावर आडवा, बर्फावर आडवा,
सरळ डोळ्यांत.
धक्क्यावर तीसएक माणसं बारा-चाळीसच्या बोटीची वाट बघत.
बोट येईना.
फोन निघाले. हात आडवे धरले,
टोप्या पुढे ओढल्या, कुणी कोटात डोकं घालून वाचू लागलं.
सिग्रुनही होती त्यांत,
फोन कधी लांब, कधी नाकाशी,
स्वतःच्याच धुक्यात चाचपडत.

"रद्द झालीय," मागून आवाज आला.
आर्नल्योतचा फोन खिशातच होता.
"पुढची तीनला. खालच्या धक्क्यावरून."
सगळे वळले. कुत्रा आधीच उठला होता.

सोमवारी अक्षरं काळी झाली.
सिग्रुन काही बोलली नाही, मीही नाही.

एवढं होऊन एक फोटो उरला होता, पहिल्या पानावरचा.
चार चार सात एक.
मी त्याखाली लिहिलं: समुद्र, बोट, निळं आकाश.
आर्नल्योतनं ऐकलं.
"समुद्र तिथं आहे हे माहितीये मला.
माणसं कोण आहेत?"

मी पुन्हा बघितलं. या वेळी खरंच.
आणि लिहिलं:
धक्का. एका बाईचा रुमाल वाऱ्यानं उडवलाय,
ती ओरडतेय की हसतेय, कळत नाही.
दोन मुलं पिंपावर बसलीत, एकाच्या पायात बूट नाही.
डावीकडे काळा कुत्रा,
एक कान दुमडलेला,
कॅमेऱ्याकडे न बघणारा.

तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "डावा कान ना?
हा माझा."